नऊ माणसांची शेड

आमच्या बेळगावच्या वडगावात मागाला घरोघरी दोन नावं. आमची आई मग्ग म्हणायची, बाबा माग म्हणायचे. अक्काला सासरही मागवाल्यांचंच मिळालं. पुढे हातमागावर भागेना, तेव्हा दाजी यंत्रमागावर काम धरून सुरतेला गेले. उधना-पांडेसराला लागून बमरोली आहे, तिथं.

२०१३ च्या दिवाळीआधी अक्काचा फोन आला. "एनू आगिल्ला, घाबरू नको. यांच्या हाताला जरा लागलंय." काळजी लपवायची असली की अक्का कन्नडवर येते, हे मला ठाऊक. दुसऱ्याच दिवशी मी गाडी धरली.

दाजींच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. मागाच्या उघड्या दातेरी चक्रात बाही अडकली होती. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, थोडे पैसे हातावर ठेवले आणि बजावलं, "कुणी विचारलं तर घरी दारात बोटं सापडली म्हणायचं."

शेड एकच, पण आत भिंती घालून तीन पाट्या, तीन नावं. मालक मात्र एक. यामागचं गणित मला नंतर कळलं. १९४८ चा कारखाने कायदा विजेवर चालणाऱ्या जागेला लागू व्हायला तेव्हा १० कामगार लागत. तो लागू झाला की फिरत्या चक्रांना जाळी हवी, उडत्या धोट्यासाठी मागाला आडोसा हवा, अपघातामुळे कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर सरकारला कळवायला हवं. हे मोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मी तिथं असतानाच निरीक्षक येऊन गेले. त्या सकाळी काही कामगारांना अचानक सुट्टी मिळाली होती. शेजारचा ओडिया कारागीर सांगत होता, "साहेबांनी माणसं मोजली. नऊ भरली. लिहून घेऊन गेले." उघडं चक्र तिथंच फिरत होतं.

आम्हाला वाट दाखवली एका वकिलांनी. १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा अशा कामात माणसं मोजत नव्हता. दोन वर्षांच्या आत दावा लावायचा. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची ताकद २० टक्के घटली, असं त्यात लिहिलेलं. दाजींचं वय ४० आणि पगार ८,००० धरून हिशेब १ लाख ७६ हजारांच्या आसपास आला. महिन्याभरात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज.

मालक म्हणाला, हा माणूस माझ्याकडे कामाला नव्हताच. तेव्हा अक्कानं ट्रंकेतून वही काढली. दर पंधरवड्याला किती मीटर कापड विणलं, किती उचल घेतली, सगळं लिहिलेलं आणि खाली मेहताजींची सही. त्या वहीनं दावा तारला. पैसे आले, उशिरा, व्याजासकट. दाजी गावी परतले. चक्राला जाळी मात्र बसली नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कायदे जाऊन नव्या कामगार संहिता आल्या. १० माणसांच्या आस्थापनेला सुरक्षेचे सर्वसाधारण नियम आहेत, पण विजेवरचा 'कारखाना' ठरायला आता २० माणसं लागतात. म्हणजे भिंती घालणाऱ्यांना आणखी जागा मिळाली. निरीक्षकाचं नावही 'निरीक्षक तथा सुविधाकर्ता' झालं. एक गोष्ट चांगली आहे. नव्या सुरक्षा संहितेत कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे.

आपल्याकडच्या किती घरांतली मुलं इचलकरंजीला, सुरतेला आहेत. फोनवर जेवलास का, ऊट आयता, हे आपण विचारतोच. त्याबरोबर एवढंही विचारा: नेमणूकपत्र मिळालं का? हजेरी कुठं लिहितात? मागाच्या चक्राला जाळी आहे का? आणि एक वही ठेवायला सांगा. अक्काची अजून ट्रंकेत आहे.