केमोनंतर पोट का बिघडते?

खारघरला ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या केंद्रात घरचे कोणी उपचार घेत असेल, तर ही काळजी ओळखीची असेल. केमो होऊन चार-पाच दिवस झाले, तोंडात फोड आले, जुलाब थांबेनात. आजार पोटात तर पसरला नाही ना? काही घरांत अम्मीचे हाल बघवत नाहीत म्हणून पुढची केमोच टाळली जाते. म्हणून या वेळी आम्ही आतड्याच्या अस्तराविषयी लिहीत आहोत.

लहान आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नातले सत्त्व तीच शोषून घेते. पित्त आणि पाचकरस सोसत तिच्या पेशी जेमतेम तीन ते पाच दिवस टिकतात, मग झडतात. नव्या पेशी येतात त्या लवेच्या बुडाशी असलेल्या सूक्ष्म खळग्यांतून. प्रत्येक खळग्याच्या तळाशी मोजक्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात. २००७ साली नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने उंदरांच्या आतड्यात त्या नेमक्या ओळखून दाखवल्या. दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी अशा एकाच पेशीपासून आतड्याचे इवलेसे रूप वाढवले. रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, तरी खळगे आणि लव यांची मांडणी त्या पेशींनी आपली आपणच केली! आम्हाला तरी यातले हेच सर्वांत अचंब्याचे वाटते.

बहुतेक केमो औषधे भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. कॅन्सरची पेशी कोणती आणि खळग्यातली कोणती, हे त्यांना कळत नाही. केस गळतात तेही यामुळेच. जुने अस्तर ठरल्या वेळी झडते, मागून नवे येत नाही, आणि पाणी शोषायला लव उरत नाही. तेव्हा हे जुलाब बहुधा औषधाचे असतात, आजार पसरल्याचे नव्हे. औषधाचा जोर ओसरला की वाचलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात आणि बहुतेकांचे अस्तर एक-दोन आठवड्यांत भरून येते. अस्थिमज्जा रोपणाआधी केमोचा डोस फार मोठा असतो, म्हणून तेव्हा हाल अधिक. रोपणात दिलेल्या मूळपेशी रक्त तयार करतात. आतडे मात्र स्वतःच्याच खळग्यांतून सावरते.

तोवर ओआरएस घोट घोट देत राहावे. पुडीवर लिहिले असेल तेवढेच पाणी घ्यावे, अंदाजाने नको. पेज, मऊ खिचडी चालते. झणझणीत सालन काही दिवस बंद. जुलाब थांबवायची गोळी मनाने देऊ नये. याच दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशीही घटतात आणि अस्तर उघडे पडल्याने आतड्यातले जंतू रक्तात शिरू शकतात. ताप आला, शौचातून रक्त गेले किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच रुग्णालय गाठावे.

रमजानात केमो आली की काही बुजुर्ग रोजा सोडायला तयार होत नाहीत. आजाऱ्याची सवलत सूरह अल-बकरामध्येच आहे, आणि जुलाब चालू असताना दिवसभर पाणी न घेणे मूत्रपिंडावर बेतू शकते, हे त्यांना शांतपणे सांगावे.

पुढची केमो लांबवायची की डोस कमी करायचा, हे डॉक्टर ठरवतात. त्यासाठी रोज जुलाब किती वेळा झाले, पाणी किती पोटात गेले आणि ताप किती होता, हे वहीत टिपून सोबत न्यावे.