विश्लेषण : पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे! ख्रिस्ती धर्मात ईस्टरला नाताळाहून अधिक महत्त्व का?

गुड फ्रायडे आला की व्हॉट्सॲपवर ‘हॅपी गुड फ्रायडे’चे मेसेज फिरू लागतात. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ख्रिस्ती बांधवांसाठी तो दिवस येशूच्या मृत्यूच्या स्मरणाचा, उपवासाचा आणि शोकाचा असतो. शुभेच्छा द्यायच्या त्या ईस्टरच्या रविवारी. यंदा (2026) गुड फ्रायडे 3 एप्रिलला, तर ईस्टर 5 एप्रिलला आहे. या दिवसांत काय घडले असे ख्रिस्ती धर्म मानतो आणि ‘पुनरुत्थानाची आशा’ म्हणजे नेमके काय, हे समजून घेऊ.

ईस्टरला काय घडले?

बायबलमधील शुभवर्तमानांनुसार, रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या आदेशाने येरुशलेममध्ये येशूला क्रुसावर खिळण्यात आले. शुक्रवारी सायंकाळी त्याचा देह खडकात खोदलेल्या कबरीत ठेवून तोंडाशी मोठी धोंड लावली गेली. रविवारी पहाटे मग्दालिया गावची मरीया आणि इतर स्त्रिया तिथे गेल्या, तेव्हा धोंड सरकलेली आणि कबर रिकामी होती.

चार शुभवर्तमानांत काही तपशील वेगवेगळे आहेत; पण रिकामी कबर प्रथम पाहणाऱ्या स्त्रिया होत्या, यावर चौघांचेही एकमत आहे. लूकच्या शुभवर्तमानानुसार शिष्यांना सुरुवातीला या स्त्रियांचे बोलणे निरर्थक वाटले. म्हणजे ही बातमी पहिल्यांदा नाकारली, ती येशूच्याच माणसांनी.

पुनरुत्थान आणि पुनर्जन्म यात फरक काय?

मराठी वाचकाची गल्लत होते ती इथेच. पुनर्जन्मात आत्मा जुना देह सोडून नवा देह, नवी ओळख घेतो. पुनरुत्थानात तीच व्यक्ती त्याच ओळखीने, मृत्यू जिंकून उठते. देहाला टाकाऊ न मानता त्याचेही रूपांतर होते, अशी ही श्रद्धा आहे.

येशूने लाजरसाला जिवंत केल्याची कथा बायबलमध्ये आहे. पण लाजरस पूर्वीच्याच आयुष्यात परतला आणि पुढे मरणारच होता. येशूचे पुनरुत्थान तसे नाही; त्यानंतर मृत्यू नाही.

आणखी एक तपशील महत्त्वाचा. योहानाच्या शुभवर्तमानात, शंका घेणाऱ्या थोमाला येशू आपल्या हातांवरच्या आणि कुशीतल्या जखमा दाखवतो. म्हणजे पुनरुत्थानाने जखमा पुसल्या गेल्या नाहीत. दुःख घडलेच नाही असे ईस्टर म्हणत नाही. शेवटचा शब्द दुःखाचा नसतो, एवढेच म्हणतो.

नाताळाहून मोठा सण कसा?

25 डिसेंबरला नाताळ साजरा झाल्याची नोंद चौथ्या शतकातली आहे. ईस्टर त्याहून जुना. दुसऱ्या शतकात तर त्याच्या तारखेवरून वादही झाले होते. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात ख्रिस्त उठलाच नसेल तर आपली श्रद्धाच व्यर्थ आहे, अशी स्पष्ट भूमिका घेतली. त्याच पत्रात तो उठलेल्या ख्रिस्ताला हंगामाच्या पहिल्या पिकाची उपमा देतो. पहिली कणसे हाती आली की उरलेले पीकही येणार याची खात्री पटते. तसेच ख्रिस्त उठला म्हणजे आपली माणसेही उठतील, ही ‘पुनरुत्थानाची आशा’.

दहन केले तर?

देह उठणार म्हणून ख्रिस्ती परंपरेत दफनच रूढ झाले. कॅथलिक चर्चने 1963 मध्ये दहनाला परवानगी दिली. शरीराची राख झाली तरी देवाच्या सामर्थ्याला अडथळा येत नाही, असे त्यामागचे स्पष्टीकरण आहे. मात्र 2016 च्या व्हॅटिकनच्या सूचनेनुसार दफनालाच प्राधान्य असून रक्षा विखुरण्यास किंवा विसर्जित करण्यास मनाई आहे. मृतांची आठवण ठेवण्यासाठी एक ठरलेली पवित्र जागा असावी, हा त्यामागचा विचार.

ईस्टरलाच मृत्यू आला तेव्हा...

21 एप्रिल 2019 रोजी, ईस्टरच्या सकाळी श्रीलंकेत चर्च आणि हॉटेलांवर आत्मघाती हल्ले झाले. 250 हून अधिक लोकांचा जीव गेला. नेगोम्बोच्या सेंट सेबॅस्टियन चर्चमधील येशूच्या पुतळ्यावर रक्ताचे शिंतोडे उडाल्याची छायाचित्रे जगभर पाहिली गेली. अशा वेळी ‘ते स्वर्गात आहेत’ हे वाक्य तोकडे पडते. पुनरुत्थानावरची श्रद्धा न्यायाची मागणी सोडायला सांगत नाही, अश्रूही थांबवत नाही. रिकाम्या कबरीपाशी मरीयाही आधी रडतच उभी होती.

तारीख दरवर्षी का बदलते?

21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. यंदा 2 एप्रिलला चैत्र पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती. त्यानंतरचा रविवार 5 एप्रिल. पौर्णिमा चर्चच्या ठरलेल्या गणितानुसार धरली जाते, त्यामुळे ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलदरम्यानच येतो. ऑर्थोडॉक्स चर्च जुने ज्युलियन कॅलेंडर वापरतात. त्यांच्यापैकी बहुतेकांचा ईस्टर यंदा 12 एप्रिलला आहे.

चर्चमध्ये काय होते?

कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी रात्री दिवे मालवले जातात. बाहेर नवा अग्नी पेटवून त्यावर मोठी पास्का मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली मेणबत्ती पेटत जाते. याच रात्री बाप्तिस्मेही होतात. मुंबई-गोव्यातल्या बेकऱ्यांत दिसणारी मार्झिपॅनची अंडी नव्या जीवनाचे प्रतीक मानली जातात.

मराठीशी नाते काय?

ही कथा मराठीत ओवीबद्ध होऊन चार शतके उलटली. इंग्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला 2013 मध्ये साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

शुभेच्छा कधी द्याव्यात?

गुड फ्रायडेला शुभेच्छांचा मेसेज टाळावा. ईस्टरला ‘ईस्टरच्या शुभेच्छा’ म्हणावे. रविवारी राहून गेले तरी हरकत नाही. चर्चच्या दिनदर्शिकेत ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे 50 दिवस चालतो. आणि ज्या घरात वर्षभरात कोणी गेले असेल, तिथे फॉरवर्ड केलेल्या चित्रापेक्षा एक फोन करावा.