न्यूरोसर्जन कसा निवडावा?

भारतात मेंदूशस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला सुरू केला. आज नाशिक-कोल्हापुरातही न्यूरोसर्जन आहेत, तरी निवड बरेचदा ‘त्यांच्या हाताला यश आहे’ या ऐकीव शिफारशीवरच होते.

अशी शिफारस अगदीच टाकाऊ नसते, पण पुरेशीही नसते. पाटीवर न्यूरोसर्जरीतली एम.सीएच. किंवा त्या तोडीची पदवी आहे का, हे आधी पाहावं. मग खरा प्रश्न: अशा शस्त्रक्रिया वर्षाला किती करता? मणक्यात मुरलेला हात पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीत तितकाच मुरलेला असेल असं नाही; ती गाठ बहुधा नाकावाटे काढतात. रात्री दोनला गुंतागुंत झाली तर आयसीयूत कोण असतं, हेही विचारावं. या प्रश्नांवर चिडणारा डॉक्टर टाळलेलाच बरा.

मणक्यातल्या सरकलेल्या चकतीचं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना आटोक्यात येतं. म्हणून शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी एमआरआयच्या फिल्म घेऊन दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवाव्यात.

मात्र लघवी अडली, बैठकीच्या भागात बधिरपणा आला किंवा पायातली ताकद झपाट्याने जाऊ लागली, तर मतं गोळा करत बसू नये. जवळचं सुसज्ज रुग्णालय गाठावं. अपघातात डोक्याला मार लागून शुद्ध हरपत चाललेल्या रुग्णाचंही तेच.