‘निपाणी’त अक्षरं किती?

पायथनमध्ये ‘लेन’ नावाचं एक छोटं फंक्शन आहे. शब्द दिला की ते त्याची लांबी सांगतं. त्याला ‘निपाणी’ देऊन पाहा. बालवाडीपासून आपण नि-पा-णी अशी तीन अक्षरं मोजत आलो, पण पायथन म्हणतो सहा. ‘संकेश्वर’ आपल्या हिशेबाने चार अक्षरांचं, त्याच्या हिशेबाने आठ!

अशा वेळी आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींचा हात आधी मोबाईलकडे जातो. एखादा हिंदी व्हिडिओ, नाहीतर एआयला प्रश्न. त्यात गैर काही नाही. पण याचं मूळ उत्तर पायथनबरोबरच तुमच्या कॉम्प्युटरवर आलेलं असतं, आणि ते नेट नसतानाही वाचता येतं.

आधी हेल्प

टर्मिनल उघडा, पायथन सुरू करा आणि ‘हेल्प’ लिहून कंसात ‘लेन’ लिहा. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं.) एका ओळीत उत्तर येतं: दिलेल्या वस्तूत किती घटक आहेत ते हे फंक्शन सांगतं. म्हणजे ते अक्षरं मोजतच नाही, घटक मोजतं.

मग हे घटक कोणते? आता ‘युनिकोडडेटा’ या मॉड्यूलची हेल्प काढा. त्यात ‘नेम’ नावाचं फंक्शन सापडेल, ते प्रत्येक चिन्हाचं अधिकृत नाव सांगतं. ‘निपाणी’तलं एकेक चिन्ह त्याला दिलं की उलगडा होतो. न वेगळा, त्याची वेलांटी वेगळी. प वेगळा, काना वेगळा. ण आणि त्याची दुसरी वेलांटीही वेगळी. झाले सहा. ‘संकेश्वर’मध्ये अनुस्वार आणि श्व मधला हलन्तसुद्धा स्वतंत्र मोजला जातो.

ही नुसती गंमत नाही. एखाद्या प्रोग्रॅमने नाव सहा चिन्हांवर कापलं, तर ‘संकेश्वर’चं ‘संकेश्’ होतं आणि पाय मोडका राहतो. मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत मात्रा, जोडाक्षरं आहेत. आपल्या गावांची, आपल्या आजी-आजोबांची नावं उद्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये जाणार, ते लिहिणाऱ्याला हे ठाऊक हवं.

पन्नास वर्षांची सोय

ही पद्धत नवी नाही. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सचं पहिलं मॅन्युअल 3 नोव्हेंबर 1971 चं. त्यातूनच ‘मॅन’ ही कमांड आली. लिनक्स आणि मॅकवर ती आजही आहे. पायथनची ‘पायडॉक’ सोय 2001 मध्ये आली.

सी शिकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ‘मॅन प्रिंटएफ’ लिहिलं तर टर्मिनलच्या त्याच नावाच्या कमांडची माहिती येते. सी मधलं फंक्शन हवं असेल तर मध्ये 3 हा आकडा घाला, कारण लायब्ररीतली फंक्शनं मॅन्युअलच्या तिसऱ्या विभागात असतात. नाव आठवत नसेल तर ‘अ‍ॅप्रोपोस’ लिहून विषयाचा शब्द द्या. पान उघडल्यावर स्पेसने पुढे जा, तिरकी रेघ देऊन शब्द शोधा, क्यू दाबून बाहेर या. गो भाषेत ‘गो डॉक’, पर्लमध्ये ‘पर्लडॉक’, रुबीमध्ये ‘आरआय’. सगळ्यांची तऱ्हा एकच.

इंग्रजीची धास्ती

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पुढे व्हीटीयूच्या कॉलेजात एकदम सगळं इंग्रजीतून येतं. विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच, 1998 पासून. तरी पहिलं सेमिस्टर परक्या गावासारखं वाटतं. डॉक्युमेंटेशन म्हटलं की जाडजूड इंग्रजी पुस्तक डोळ्यासमोर येतं.

प्रत्यक्षात ते शब्दकोशासारखं असतं. काय द्यायचं, काय मिळतं, चूक झाली तर काय होतं, एवढंच. वाक्यं आखूड आणि शब्द ठरावीक. ‘रिटर्न’, ‘आर्ग्युमेंट’, ‘डिफॉल्ट’ असे पन्नासेक शब्द ओळखीचे झाले की बहुतेक पानांचा अर्थ लागू लागतो. घरी मराठी, स्टँडवर कन्नड आणि टीव्हीवर हिंदी सहज झेलणाऱ्या मुलांना हे जड जाऊ नये. मुलाखतीत समोरचा माणूस व्हिडिओ लावू देत नाही. तिथे नेमकं वाचायची सवयच उपयोगी पडते.

आपली हेल्प मराठीत

शेवटी माझी आवडती गोष्ट. हेल्पमध्ये दिसणारा मजकूर फंक्शन लिहिणाऱ्यानेच आत लिहिलेला असतो. आणि पायथन 3 मध्ये फंक्शनचं नाव देवनागरीतही ठेवता येतं. ‘व्याज’ नावाचं फंक्शन बनवा. पहिल्या ओळीच्या खाली, तिहेरी अवतरणचिन्हांत मराठीत लिहा: मुद्दल, दर आणि मुदत द्या, सरळव्याज मिळेल. आता ‘व्याज’ची हेल्प मागा. स्क्रीनवर तुमचं मराठी वाक्य येईल, जगभरातल्या फंक्शनांच्या हेल्पसारखंच.

नोकरीतला कोड इंग्रजीतच लिहावा, कारण तो सगळ्यांना वाचायचा असतो. पण शिकत असताना आपल्याला समजलेलं आपल्या भाषेत एका ओळीत लिहिता आलं, तर ते खरंच समजलं असं धरायला हरकत नाही. या सुट्टीत धाकट्या भावंडांना जवळ बसवून सुरुवात करा. पहिला प्रश्न सोपा ठेवा: आपल्या गावाच्या नावात अक्षरं किती?