कितवा आठवडा?

शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासहा. हिंजवडीच्या ऑफिसात लॅपटॉप बंद करून वीकेण्डचे प्लॅन्स चालले होते आणि भंडाऱ्याहून आईचा फोन. ‘‘ताईचं पोट दुखून राहिलं गं. दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाई विचारून राहिल्या, कितवा आठवडा?’’

आईच्या हिशेबात ‘आठवा लागला’. आठवडे कोण मोजतंय! पण शेवटच्या पाळीची तारीख ताईने मला कधीतरी मेसेज केली होती. शोधली, कॅलेंडरवर मोजलं. ३१ आठवडे, २ दिवस.

त्या आकड्यावर ताईला डेक्सामिथासोन सुरू झालं. ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, एकूण ४ इंजेक्शनं. ‘‘स्टिरॉइड?’’ मी फोनवर किंचाळलेच. माझ्या डोक्यात स्टिरॉइड म्हणजे जिममधले फुगलेले दंड!

‘‘ते वेगळं हो,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘हे बाळाच्या फुफ्फुसांसाठी.’’

ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन्ही बाजू कशा चिकटून बसतात? फुफ्फुसातल्या इवल्या फुग्यांचंही तसंच होतं. ते उघडे राहावेत म्हणून आतून साबणासारखा एक थर लागतो, त्याचं नाव सर्फॅक्टंट. तो पुरेसा तयार होतो शेवटच्या काही आठवड्यांत, आणि ‘कामाला लागा’ हा निरोप बाळाच्याच शरीरातलं कॉर्टिसॉल हे हार्मोन देतं. इंजेक्शन तोच निरोप वारेतून आधीच पोचवतं. बस्स.

१९६३ साली अमेरिकेच्या अध्यक्षांचा, केनेडींचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसही जगला नाही. कारण फुफ्फुसं. तिकडे न्यूझीलंडमध्ये ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांवर वेगळाच अभ्यास करत होते, प्रसूती सुरू कशी होते याचा. हार्मोन दिलेलं एक कोकरू इतकं आधी जन्मलं की ते जगायलाच नको होतं. पण ते श्वास घेत होतं! १९७२मध्ये लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी गरोदर बायकांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष छापले.

मग सरसकट सगळ्यांना देऊन टाका की! मलाही तसंच वाटलं. भारतात २०१४पासून नर्सताईही पहिला डोस देऊन बाईला पुढे पाठवू शकतात. पण सहा देशांत एक मोठी चाचणी झाली, त्यात आपला नागपूर परिसरही होता. २०१५ला छापून आलेला निकाल चक्रावणारा होता. गावपातळीवर इंजेक्शनचा वापर वाढला, तरी अगदी लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत. उलट सगळी बाळं धरली तर हजारामागे साडेतीन मृत्यू वाढले. ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यातल्या कित्येकींचे दिवस मुळात भरत आलेले होते. पुढे २०२०मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे पक्के करून हेच औषध दिलं, तेव्हा बाळांचे मृत्यू शंभरात २३.५ वरून १९.६ वर आले.

औषध तेच. फरक आठवडे नीट मोजण्याचा, आणि जन्मानंतर बाळाला सांभाळायला ऊब, ऑक्सिजन आणि माणसं असण्याचा.

आणि इथेच भंडाऱ्याच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे आमच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. १७ बाळांपैकी १० गेली. ‘पेटीत ठेवावं लागेल’ हे वाक्य आमच्याकडे तेव्हापासून कुणी साधेपणाने ऐकत नाही.

रात्रीची स्लीपर पकडून मी शनिवारी पोचले. संध्याकाळी ताईला तिसरं इंजेक्शन मिळालं; रविवारी पहाटे चारला, चौथ्याच्या आधीच, भाची आली. १४८० ग्रॅम. नाकात नळी, डोक्यावर माझ्या मोज्याएवढी टोपी. पण श्वास तिचा ती घेत होती, मशीनचा नुसता टेकू.

आई बाहेरच्या बाकावरून हलायला तयार नव्हती. आत बाळांना दूध द्यायची वेळ झाली की उठायची, भिंतीवरच्या लाल अग्निशामक सिलिंडरजवळ जायची, चष्मा लावून त्याच्यावरची तारीख वाचायची आणि परत येऊन बसायची. अठरा दिवस.