प्री-ऑर्डरचा बोनस ‘फुकट’ नसतो

‘बोनस फुकट मिळतोय, मग तक्रार कसली?’ नवा व्हिडिओ गेम जाहीर झाला की हा प्रश्न हटकून कानावर येतो. विचारणारा बहुधा चांगला समंजस माणूस असतो, वैताग येतो तो त्याचाच. त्याचा हिशेब सरळ असतो. गेम घ्यायचाच आहे, किंमत तीच आहे, आधी पैसे भरले तर वर एक पोशाख, एक बंदूक, नाहीतर एखादी जादा मोहीम. यात नुकसान कुणाचं?

तर आधी हे बघू की प्री-ऑर्डर करणारा नेमकं देतो काय. पैसे तर देतोच. शिवाय परीक्षणं वाचून, दुसऱ्याला खेळताना बघून ‘नको’ म्हणण्याची संधीही देऊन टाकतो. परीक्षकांना गेम आधी मिळतो, पण मजकूर कधी प्रसिद्ध करायचा ती वेळ कंपनी ठरवते, आणि काही वेळा ती विक्री सुरू होण्याच्या जेमतेम तोंडावर असते. तोवर तुमच्यापुढे असतात ते ट्रेलर, म्हणजे जाहिराती. ‘पेटी उघडून न बघता घ्या, वर दोन आंबे जास्त देतो,’ असं हापूसवाला म्हणाला तर आपण आधी खालच्या थरात हात घालू. इथे मात्र त्या दोन आंब्यांवरच खूश होतो.

खालच्या थरात काय निघतं याचा दाखला हवा असेल तर ‘सायबरपंक २०७७’ घ्या. डिसेंबर २०२० मध्ये तो आला तेव्हा, सीडी प्रोजेक्ट या कंपनीनेच दिलेल्या आकड्यानुसार, ८० लाख जणांनी तो आधीच घेऊन ठेवला होता. परीक्षकांना आधी दिली होती फक्त पीसीवरची आवृत्ती. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर गेम कसा अडखळतो, मध्येच कसा बंद पडतो, हे तिथल्या गिऱ्हाइकाला कळलं ते पैसे भरल्यावर. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. गेम तिथे परतला तो थेट जून २०२१ मध्ये. त्याआधी, जून २०१५ मध्ये, ‘बॅटमॅन: अर्खम नाइट’च्या पीसी आवृत्तीची विक्री अशीच काही महिने थांबवावी लागली होती. प्री-ऑर्डर करणाऱ्यांना हार्ली क्विनची जादा कथा मात्र मिळाली होती!

‘पण नुसता पोशाख तर असतो.’ असेल, तर माझीही हरकत नाही. नायकाचं जाकीट लाल की निळं, याने कुणाचा गेम अपुरा राहत नाही. कथेचा तुकडा वेगळा. २०१४ च्या ‘एलियन: आयसोलेशन’मध्ये १९७९ च्या मूळ चित्रपटातले प्रसंग खेळायला होते आणि त्यासाठी सिगोर्नी वीव्हर आणि इतर मूळ नटांचे आवाज घेतले होते. त्या चित्रपटाच्या चाहत्याला नेमकं हेच हवं असणार. ते ठेवलं प्री-ऑर्डरच्या बोनसात, आणि त्यातलाही एक भाग ठरावीक दुकानांपुरता. पुढे हे दोन्ही भाग सुटे विकायलाही आले. म्हणजे आधी पैसे भरा, नाहीतर मुकाल, ही घाई निव्वळ घाबरवण्यापुरती होती.

हे बेकायदा आहे का? तसं म्हणता येत नाही. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या क्लृप्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत खोटी घाई निर्माण करणं ही एक आहे. पण बोनसची मुदत खरोखरच संपणार असेल, तर त्याला खोटी घाई ठरवणं अवघड. कायद्यात बसणं आणि रास्त असणं या दोन गोष्टी आहेत, एवढंच.

‘आपण ओरडून काय होणार?’ हेही ऐकतो. २०१५ मध्ये स्क्वेअर एनिक्सने ‘डेउस एक्स: मॅनकाइंड डिव्हायडेड’साठी अजब योजना काढली: जितके जास्त लोक प्री-ऑर्डर करतील तितके बोनसचे टप्पे खुले होतील, आणि शेवटच्या टप्प्याला गेम चार दिवस आधी खेळायला मिळेल. गिऱ्हाइकालाच विक्रेता करायचा हा बेत लोकांनी असा झोडपला की साधारण महिनाभरात कंपनीने तो गुंडाळला.

आता उलट्या बाजूचा गैरसमज. ‘डीएलसी (गेमला जोडायचा, वेगळा डाउनलोड होणारा भाग) म्हणजे मूळ गेममधून कापून काढलेला भाग’ असं सरसकट म्हणणारेही चुकतात. मुख्य गेम तपासणीला आणि छपाईला गेला की चित्रकार, लेखक मोकळे होतात आणि मधल्या आठवड्यांत पहिल्या दिवसाचं डीएलसी खरोखर तयार होऊ शकतं. पण २०१२ च्या ‘मास इफेक्ट ३’मध्ये जाविक हे पात्र, म्हणजे ज्या लुप्त प्रोथियन वंशाभोवती मालिकेतल्या तिन्ही गेमची कथा फिरते त्यातला शेवटचा जीव, पहिल्याच दिवशी १० डॉलरला वेगळं विकलं, तेव्हा हे स्पष्टीकरण पटायला जड गेलं. त्याच वर्षी ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’मध्ये तर १२ पात्रं डिस्कवरच होती, कुलूपबंद. कुलपाची किंमत २० डॉलर.

बाकीचे गैरसमज झटपट. ‘साठा संपेल’: डाउनलोडचा साठा संपत नाही, संपते ती डब्यातली विशेष आवृत्ती. ‘पैसा गेम बनवणाऱ्यांच्या हाती पोचतो’: मोठ्या गेममध्ये तो दुकानदार आणि प्रकाशकाकडे जातो, स्वतःच विकणाऱ्या छोट्या स्टुडिओंची गोष्ट निराळी. ‘एका कन्सोलपुरतं म्हणजे कायमचं’: ‘हॉगवर्ट्स लेगसी’मधली प्लेस्टेशनपुरती मोहीम वर्षभरानंतर इतरांनाही मिळाली. ‘एकदा भरलेले पैसे गेले’: स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात विक्रीच्या दिवसापर्यंत प्री-ऑर्डर केव्हाही रद्द होते, आणि त्यानंतरही १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत मागता येतात. मात्र काही दिवस आधी खेळायला मिळणारी महागडी आवृत्ती घेतली असेल, तर एप्रिल २०२४ पासून ते आधीचे तासही या दोन तासांत धरले जातात.