प्रायश्चित्त, पुनरुत्थान, मंडळी : तीन मराठी शब्दांचा ख्रिस्ती आशय

एखादा धर्मविचार नव्या भाषेच्या दारी येतो, तेव्हा त्याला त्या भाषेच्या घरातलेच शब्द उसने घ्यावे लागतात. उसना घेतलेला शब्द मात्र आपला जुना अर्थ उंबरठ्याबाहेर ठेवून येत नाही. मराठीत हा व्यवहार चार शतकांहून अधिक काळ चालू आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली १८११ मध्ये श्रीरामपूरहून मराठी नवा करार निघाला. 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी तर आपल्या बेळगावचेच. त्यांचा जन्म १८३१ मध्ये येथे झाला आणि १८५४ मध्ये बाप्तिस्माही येथेच झाला. या परंपरेने मराठीतून उचललेल्या तीन शब्दांचा आज विचार करावयाचा आहे. मी या धर्माचा अनुयायी नाही. मराठीचा अध्यापक या नात्याने, आपल्याच भाषेत राहणाऱ्या शेजाऱ्याचे म्हणणे नीट समजून घ्यावे, एवढाच हेतू आहे.

ज्या विचारधारेसंबंधी मी बोलणार आहे, तिला सुवार्तावादी किंवा इव्हँजेलिकल म्हणतात. प्रॉटेस्टंट पंथांमधून वाहणारा हा प्रवाह आहे. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये त्याची चार लक्षणे सांगितली : बायबलचे प्रामाण्य, क्रूसाचे केंद्रस्थान, व्यक्तीच्या अंतःकरणात घडणारे परिवर्तन आणि त्यातून येणारी कृतिशीलता. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक मराठी प्रॉटेस्टंट साहित्यावर या प्रवाहाची छाया आहे.

पहिला शब्द 'प्रायश्चित्त'. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आहेत : आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. धर्मशास्त्राने प्रायश्चित्त या शब्दाची फोड 'तप' आणि 'निश्चय' अशी केली. कृच्छ्र, चांद्रायण यांसारखी व्रते सांगितली, कोणत्या दोषास कोणते व्रत हेही ठरवून दिले. त्यामागील न्याय सरळ आहे : ज्याने दोष केला, त्यानेच तो फेडावा. या विचाराला नैतिक उंची आहे, हे मान्यच केले पाहिजे.

प्रचलित मराठी बायबलने हाच शब्द घेतला, पण त्याचा कर्ता बदलला. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आणि योहानाच्या पहिल्या पत्रात प्रायश्चित्त हे पाप्याने करावयाचे कृत्य राहत नाही. ख्रिस्त हाच प्रायश्चित्त ठरतो, आणि ते पुढे ठेवणारा स्वतः देव असतो, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अपराध घडला तोच. पौलाने वापरलेला ग्रीक शब्द ज्यू परंपरेतील कोशाच्या झाकणाकडे बोट दाखवतो. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, महायाजक परमपवित्रस्थानी जाऊन त्या झाकणावर रक्त शिंपडीत असे.

येथे मराठी मन लगेच विचारते : एकाचे कर्म दुसऱ्याने कसे फेडावे? आणि कोणा निरपराध्याला शासन करून कोणता न्याय साधतो? हा आक्षेप क्षुल्लक नाही. सुवार्तावादी विचारवंतांनीही तो गंभीरपणे घेतला आहे. जॉन स्टॉट यांनी १९८६ मध्ये क्रूसावर लिहिलेल्या ग्रंथात आग्रहाने सांगितले, की क्रूस म्हणजे रागावलेला पिता, अपराधी माणूस आणि मध्ये सापडलेला निरपराध तिऱ्हाईत असे चित्र नव्हे. ख्रिस्तामध्ये देवच माणसाच्या जागी उभा राहतो. एक व्यवहारातला दाखला घेऊ. सावकाराने कर्ज माफ केले, म्हणजे ती रक्कम हवेत विरत नाही. ऋणकोच्या खात्यातून निघून ती सावकाराच्या तोट्यात जमा होते. क्षमा करणाऱ्यालाच क्षमेची किंमत मोजावी लागते, हे या सिद्धान्ताचे मर्म आहे.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हा प्रश्न केवळ पंडिती वादाचा नव्हता. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने व्रते, दानधर्म, तीर्थयात्रा सारे काही आईवडिलांबरोबर अनुभवले होते, आणि १८७०च्या दशकातील दुष्काळात त्याच आईवडिलांचा मृत्यू पाहिला होता. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळून आले : आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. आपण काही करून पात्र ठरावे, ही धडपड धर्म बदलूनही सुटली नव्हती. ती सुटली तेव्हा त्यांना विसावा लाभला. पुढे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण प्रसिद्ध झाले. जुना अर्थ शब्दाला चिकटून राहतो, याची जाण त्यांच्याइतकी फार थोड्यांना होती.

दुसरा शब्द 'पुनरुत्थान'. तो ऐकताच आपल्याला पुनर्जन्म आठवतो, कारण 'पुनर्' दोहोंत आहे. आशय मात्र अगदी वेगळा आहे. पुनर्जन्मात जीव एक देह टाकून दुसरा धारण करतो. पुनरुत्थानात तोच मनुष्य, देहासह, पुन्हा उभा राहतो. आत्मा अमर आहे म्हणून मरण खोटे, असेही हा विचार म्हणत नाही. मरण खरेच आहे, आणि देव त्याचा पराभव करतो. 'पुन्हा उठून उभे राहणे' हाच मूळ ग्रीक शब्दाचाही अर्थ. त्याच्या जोडीला येणारे ग्रीक क्रियापद झोपेतून जागे करण्यासाठीही वापरतात. कार्तिकी एकादशीला देवोत्थानी म्हणणाऱ्या मराठी माणसाला 'उत्थान' शब्दातील ही जाग सहज उमगावी.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल या गोष्टीवर सर्वस्व पणाला लावतो. ख्रिस्त उठला नसेल तर आपला उपदेश पोकळ आणि आपण अजून पापातच, असे तो स्वच्छ म्हणतो. त्याच्या दृष्टीने पुनरुत्थान ही क्रूसानंतरची सुखद पुरवणी नाही. ते नसते तर क्रूस हे एका सज्जनाचे हौतात्म्य ठरले असते. प्रायश्चित्त मान्य झाले, याची ग्वाही रिकाम्या कबरेने दिली. आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवार, हा ख्रिस्ती उपासनेचा दिवस झाला तोही याच कारणाने.

तिसरा शब्द 'मंडळी', आणि तो मला सर्वांत घरगुती वाटतो. घरची मंडळी, भजनी मंडळी, नाटक मंडळी, असा तो आपल्या तोंडी रुळलेला. ग्रीक भाषेतील मूळ शब्द नगरातील नागरिकांच्या सभेचा होता. मराठीने इमारतीकडे न पाहता माणसांकडे पाहणारा शब्द निवडला, हे उचित झाले. या मंडळीत येण्याची पात्रता कोणाचीच नाही, सर्वजण दुसऱ्याने भरलेल्या किमतीवर आत आले आहेत. तेव्हा पहिल्या पाटावर हक्क सांगणार कोण? करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. त्याबद्दल पौलाने त्यांना खडसावले. आपल्याकडे या दोषाला 'पंक्तिभेद' असा नेमका शब्द आहे.

हा दोष मराठी मंडळ्यांतूनही समूळ गेला नाही, जातीची आठवण बाप्तिस्म्यानंतरही मागे राहिली. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रां'त सोवळ्याओवळ्याचा संस्कार आपल्या मनातून कसा सुटत गेला ते विलक्षण प्रांजळपणे लिहिले आहे. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून बाहेर पडले. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोघांनाही सामावणारा 'देवाचा दरबार' त्यांनी उभारला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्यामुळे तो प्रयोग अल्पायुषी ठरला. परंतु मंडळी खरोखर किती रुंद असावी, हा त्यांचा प्रश्न अजून जुना झालेला नाही.

हे तीन शब्द एकमेकांना धरून आहेत. प्रायश्चित्त दुसऱ्याने केले म्हणून अहंकाराला जागा उरत नाही, पुनरुत्थान झाले म्हणून आशेला आधार मिळतो, आणि या दोहोंची परीक्षा मंडळीच्या पंगतीत होते. हा सिद्धान्त आपण स्वीकारावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा भाग. परंतु तो ज्या शब्दांत सांगितला जातो ते शब्द आपल्याच घरचे आहेत. शेजारी त्यांत काय भरून बोलतो हे माहीत असले, म्हणजे मतभेदही एकमेकांना ओळखून करता येतात. अनेक भाषा आणि अनेक धर्म शतकानुशतके एकत्र नांदलेल्या आपल्या या सीमाभागात ती ओळख ठेवणे अगत्याचे आहे.